कंबोडियात डोळे उघडले, मग कुटबणला का मिटतात?

सांखळीकार:
मांडवीकाठ यांनी परवा कंबोडियातल्या टोनले सॅप तळ्यावरच्या वस्त्यांचे फोटो टाकून लिहिलं, की तिथे लोक दिवसाला दोन डॉलरवर, म्हणजे १७० रुपयांवर जगतात. 'आमच्याकडे रोजंदार हजार मागतो आणि वर कुरकुरतो. गोव्यात जन्मलो हे केवढं भाग्य, ते तिथे कळलं,' असं त्यांचं म्हणणं. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मला ती पोस्ट वाचून राग आला. का, ते सविस्तर लिहितो.

आधी तो दोन डॉलरचा हिशेब, जो दारिद्र्यरेषेवरून आलाय. जागतिक बँकेची २.१५ डॉलरची दारिद्र्यरेषा २०१७ च्या क्रयशक्तीवर, म्हणजे तेवढ्या पैशात त्या त्या देशात काय विकत मिळतं त्यावर, बांधलेली होती. २०२५ मध्ये ती ३ डॉलर झाली, २०२१ च्या क्रयशक्तीवर. हा डॉलर बँकेतल्या भावाने बदलायचा नसतो. भारतापुरता तो वीस-बावीस रुपयांच्या आसपास धरतात. म्हणजे ते दोन डॉलर आपल्याकडचे चाळीस-पंचेचाळीस रुपये. १७० धरले की तिथल्या माणसाची गरिबी चौपट हलकी दिसते, आणि आपल्या रोजंदाराची मजुरी उगाच जड वाटते.

दुसरं, ती घरं. तळ्याकाठच्या काँपाँग फ्लुक गावात कोरड्या दिवसांत गेलात तर उंच लाकडी खांबांवर लटकलेल्या खोल्या आणि खाली नुसता चिखल दिसतो. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी टोनले सॅप नदीत उलटं शिरतं आणि तळं कित्येक पटींनी पसरतं. घर तेवढं उंच नसेल तर वाहून जाईल. खाजनात, म्हणजे आपल्या खाडीकाठच्या बांधातल्या शेतात, मानशीचं (पाणी आत-बाहेर सोडायचं) दार कुठे आणि केवढं बसवायचं हे ज्यांच्या वाडवडिलांना कळत होतं, त्यांनी त्या खांबांकडे बघून नुसतं 'अरेरे' म्हणावं?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तळ्यावर खरोखर तरंगणाऱ्या घरांतली बरीच कुटुंबं व्हिएतनामी वंशाची. १९७० च्या दशकात त्यांना मारलं, हुसकावलं. जी परत आली ती परकी ठरली. नागरिकत्वाचे कागद नाहीत म्हणून जमीन घेता येत नाही, जमीन नाही म्हणून घर पाण्यावर. ह्याला नशीब म्हणायचं? 'भाग्य' म्हटलं की पुढचा प्रश्नच संपतो.

मांडवीकाठ:
डॉलरचा हिशेब चुकला, मान्य. रोजंदाराचं वाक्य मागे घेते. बाकीचं नाही.

सांखळीकारबाब, माणूस परक्या मुलखातच जागा होतो, कारण तिथे त्याच्याजवळ तयार उत्तरं नसतात. मडगावला मोतीडोंगरची झोपडपट्टी दिसली की आपलं तोंड आपोआप बोलतं: भायले (बाहेरचे) आहेत, मतांसाठी बसवलेत, दारू पितात. ही उत्तरं लहानपणापासून ऐकलेली. कंबोडियात ह्यातलं एकही चालत नाही, म्हणून समोरचं मूल पहिल्यांदा मूल म्हणून दिसतं. तेवढ्यालाही तुम्ही गुन्हा ठरवणार असाल तर लोक फक्त हॉटेलं बघून परत येतील.

पेडण्याची बाय:
मूल मूल म्हणून दिसतं आणि लगेच हात पाकिटाकडे जातो. तिथेच घोटाळा होतो, म्हणून लिहिते.

तळ्याजवळच्या सिएम रीप शहरात रात्री कडेवर बाळ घेतलेली बाई येते. पैसे नको म्हणते, दुधाची पावडर घेऊन द्या म्हणते. ती दाखवते त्याच दुकानातून तुम्ही डबा घेता. तुम्ही वळलात की डबा परत फळीवर, पैसे दोघांत वाटून. बाळ रात्रभर जागं राहावं लागतं, कारण धंदा त्याच्यावर. तळ्यावरच्या चाँग क्निआस गावाच्या बोटीवर हेच तांदळाच्या पोत्याचं. 'शाळेतल्या मुलांसाठी' म्हणून चढ्या भावाने पोतं घ्यायला लावतात आणि तेच पोतं पुढच्या बोटीला पुन्हा विकतात.

अनाथाश्रम तर त्याहून वाईट. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. पाहुणे येतात, देणगी देतात, म्हणून मुलं घरून आणली जातात. २०१८ च्या कायद्याच्या वेळी ऑस्ट्रेलियाने ह्या प्रकाराला आधुनिक गुलामीत धरलं. तेव्हा मुलांबरोबर फोटो नको, खाऊ नको, एका दिवसाचं शिकवणं नको. द्यायचंच असेल तर मोठ्या माणसाच्या कामाचे पूर्ण पैसे द्या: नावाडी, वाटाड्या, खानावळ.

नाक्यावरचा:
सगळे बोलताहेत, पण गोंयकाराच्या खिशातल्या खऱ्या सवलतीचं नाव कोणी घेत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट! १९ डिसेंबर १९६१ (गोवामुक्तीचा दिवस) पूर्वी इथे जन्मलेल्याची जन्मनोंद लिस्बनला चढवता येते, मग मुलं-नातवंडंही त्या वाटेने जातात. कागदाने माणूस बुडतो तसा कागदानेच तरतो. ह्यात आमचं कर्तृत्व काय?

कुळागर:
फुकट मिळत नाही तो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की इथलं नागरिकत्व जातं, मत जातं, मग ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाच्या कार्डाच्या) मागे धावायचं. जुन्या दाखल्यावर आजोबांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी कागद अडतो. आणि इंग्लंडात स्विंडनला जाऊन गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला सवलतवाला म्हणता? तिथे तोच भायलो.

नाक्यावरचा:
मग इथल्या भायल्यांबद्दल तोंड सांभाळून बोला, एवढंच मागतोय.

तिसवाडी:
आता पुरे! प्रत्येक धागा शेवटी आम्हा गोंयकारांना दोषी ठरवण्यावर का येतो? घर नंबर देताना पंचायत आम्हाला विचारत नाही. पाणी आमचं आटतं, कचरा आमच्या दारात. भाडेकरूची पोलिसांत नोंद करा म्हटलं तर आम्ही क्रूर. एका खोलीत दहा माणसं ठेवून डोक्यागणिक भाडं घेणाऱ्या घरमालकाला कोणी काही विचारत नाही.

सांखळीकार:
तो घरमालक गोंयकारच आहे, तिसवाडी. तुमचा राग खरा आहे, पण तो भाडं भरणाऱ्यावर निघतो आणि घेणारा सुटतो.

तिसवाडी:
घेणाऱ्याला मी सोडलेलं नाही. वर वाचा.

आरोग्यखातं जवळून:
तुम्ही दोघं भांडताय ते खोलीतल्या माणसांवरून. दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर खोलीसुद्धा नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या जेटीवर कॉलरा पसरला, ट्रॉलरवरचे खलाशी दगावले. ही माणसं झारखंड, ओडिशाकडची. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, ट्रॉलर बाहेर पडतात, आणि माणसं राहतात, जेवतात, झोपतात ती ट्रॉलरवरच. शौच पाण्यात, पिण्याचं पाणी साठवणीचं. कॉलऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

आणि उपाय महागडा नाही, म्हणून जीव तुटतो. साठवलेल्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालायची, अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी: नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन उरलाय. एरवी लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलेला चालतो, साथीत ०.५ हवा. चुकतं कुठे? पावडरची पिशवी उघडी राहते, दमट हवेत क्लोरीन उडून जातो. लोक पांढरी पूड घालत राहतात, पाणी मात्र तसंच. रंग बघितल्याशिवाय पावडरवर विश्वास ठेवू नये. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे. पाण्यासारखे जुलाब सुरूच राहिले तर सकाळची वाट न बघता इस्पितळ.

आणि हे कुटबण मडगावहून तासाभराच्याही वाटेवर नाही.

मांडवीकाठ:
कुटबणचं वाचून मान खाली गेली. पण सांखळीकारबाब, माझा मुद्दा ह्यानेच पक्का होतो. इतक्या जवळ असून आपल्याला दिसलं नाही. लांब जाऊन नजर बदलली तर ती इथे लावता येते. फक्त लावायची कशी, ते कोणी सांगत नाही.

सांखळीकार:
नजर लांब जाऊन बदलते, हे एवढं कबूल. नुसती नजर बदलून थांबणं मात्र मला कबूल नाही.

कुळागर:
लावायची कशी ते मी सांगतो, घर बांधणाऱ्यांसाठी. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे खर्चाच्या एक टक्का उपकर जातो. तो पैसा मजुरांसाठीच आहे: अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण. पण नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. सगळं अडतं ते ह्या दाखल्यावर. ठेकेदार सही करत नाही, कारण सही म्हणजे माणूस आपल्याकडे होता ह्याची कबुली. मजूर तीन साइटींवर तीस-तीस दिवस राबलेला असतो, तिघेही हात वर करतात.

तेव्हा ठेकेदाराशी करार करतानाच लिहून घ्या: हजेरीपट माझ्याकडे राहील, शेवटचा हप्ता दाखल्यांवर सह्या झाल्यावर. हजेरीत नाव आधारवर आहे तसंच लिहा. 'छोटू', 'बाबू' लिहिलेली हजेरी पुढे कुठेच चालत नाही.

रेशनचंही तेच. एक देश एक रेशनकार्डमध्ये गोवा २०२० पासून आहे. गावच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य इथल्या दुकानात अंगठ्यावर मिळतं, कार्ड आधारला जोडलेलं असलं तर. गावी राहिलेलं कुटुंब आपला वाटा तिथे उचलू शकतं, इथला माणूस आपला इथे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते बाजारभावाने तांदूळ घेतात.

तिसवाडी:
हजेरीपटाचं पटलं. कोणी काम केलं ते कागदावर असलं तर कोण कुठून आला तेही कागदावर येतं. मला तरी दुसरं काय हवंय?

पेडण्याची बाय:
तुम्हाला नोंद पोलिसांसाठी हवी, कुळागरबाबांना मंडळासाठी. एकाच वहीचे दोन उपयोग, पण हेतू एक म्हणू नका.

तिसवाडी:
म्हणत नाही. वही तर ठेवा.

मांडवीकाठ:
कुळागरबाब, आमच्या वाड्यावर एक काम पायापर्यंत आलंय. ठेकेदाराशी करार आधीच झालाय. मधेच हजेरीपट आपल्याकडे घेता येतो का?

कुळागर:
येतो. स्लॅबचा हप्ता देण्याआधी मागा, तेव्हाच तो ऐकतो. मागचे दिवस मजुरांना विचारून भरून घ्या आणि प्रत्येक पानावर त्याची सही घ्या.