रेसलमेनिया ३ : सॅव्हेज-स्टीमबोट राहिलेच की!

रेसलमेनिया ३ या ठरवून खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन व्यावसायिक कुस्तीच्या कार्यक्रमाबद्दल इथल्या चर्चेत म्हटलंय, "(हल्क) होगनने आंद्रेला (आंद्रे द जायंट) उचलून आपटलं, बाकी सगळी भरती". हे अजिबात पटलं नाही. तो क्षण मोठाच, आणि पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर आतून पट्टा बांधून रिंगमध्ये उतरलेल्या आंद्रेचा त्यात होगनइतकाच वाटा. पण २९ मार्च १९८७ च्या त्या कार्यक्रमातली खरी बघण्यासारखी कुस्ती रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट या पैलवानांची.

इथे कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: ही मॅच दोघांनी आधी कागदावर डावांना क्रमांक देऊन लिहून काढली होती आणि एकमेकांकडून ती पाठ म्हणून घेतली होती. शेवट परत बघा. सॅव्हेज आपटायला उचलतो आणि स्टीमबोट तिथल्या तिथे त्याला गुंडाळून खांदे जमिनीला टेकवतो आणि जिंकतो. इतकं घोकूनही सगळं त्या क्षणी सुचल्यासारखं दिसतं!