लंडनच्या घोड्यांमधला ग्लँडर्स कशाने गेला, कायद्याने की मोटारीने?

पागेवाला: मंडळी, 1900 च्या आसपास लंडन अक्षरशः घोड्यांवर चालायचं, बस, ट्राम, कोळसा, दूध सगळंच, आणि एकेका तबेल्यात शेकडो घोडे दाटीवाटीने बांधलेले. त्यातच ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग पसरायचा. नाकातून घाण, अंगावर गाठी, आणि मोतद्दाराला झाला की तो बहुतेक जायचाच, तेव्हा औषधच नव्हतं. माझं ठाम मत आहे की हा रोग मॅलीन टेस्ट (मॅलीन म्हणजे या रोगाच्या जंतूंपासूनच बनवलेला द्रव) आणि नुकसानभरपाई या जोडीने घालवला. मानेला इंजेक्शन द्यायचं, सूज आणि ताप आला तर घोडा बाधित, मग वरून कितीही धडधाकट दिसो. 1908 पासून ब्रिटनमध्ये नवा हुकूम लागू झाला, बाधित घोडा मारायचा आणि मालकाला पैसे द्यायचे. 1928 ला रोग संपला.

ट्रामप्रेमी: अहो पण त्याच वर्षांत काय चाललं होतं ते बघा ना. 1911 मध्ये लंडनच्या सगळ्यात मोठ्या बस कंपनीने शेवटची घोड्याची बस बंद केली. तबेलेच रिकामे झाले तर रोग राहणार कुठे? टेस्ट तर 1891 पासून होती, मग 17 वर्षं काय केलं?

पागेवाला: तोच तर माझा मुद्दा आहे! टेस्ट होती पण खात्रीने भरपाई नव्हती, म्हणून मालक संशयित घोडा गुपचूप स्वस्तात विकून टाकायचा आणि रोग पुढच्या तबेल्यात. पैसे मिळायला लागल्यावर लपवायचं कारणच उरलं नाही. आणि मोटारीचंच म्हणाल तर कॅनडा बघा, तिथे 1904 पासून टेस्ट, कत्तल आणि भरपाई सुरू झाली, तेव्हा प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ माळावर, शेतीसाठी घोडे वाढत होते, कमी होत नव्हते, तरी रोग आटोक्यात आला.

ट्रामप्रेमी: कॅनडाचं मान्य. पण उघड्या माळावरचे घोडे आणि लंडनचा कोंदट तबेला एका तराजूत कसे घालता? गर्दी मोडली हे मोठं कारण आहेच, त्यावरून मी हटणार नाही.

सायली_व्हेट: दोघंही घोड्याच्या किमतीवर भांडताय, माणसाचं कोण बोलणार? रोज तोंड पुसणारा, तोबरा बांधणारा मोतद्दार सगळ्यात जवळ. मॅलीन शोधणाऱ्या दोघांपैकी कालनिंग स्वतः ग्लँडर्सने गेला, म्हणजे लॅबमध्येसुद्धा ही अवस्था. मालकाला भरपाई आणि मोतद्दाराच्या बायकोला काय?

पागेवाला: रास्त प्रश्न आहे ताई, पण 1907 मध्ये ब्रिटनमध्ये कामगार भरपाईच्या यादीत ग्लँडर्स घातला गेला, आजारी घोड्याची देखभाल किंवा मेलेल्या घोड्याची हाताळणी करणाऱ्यांसाठी.

सायली_व्हेट: यादीत नाव आलं म्हणजे हातात पैसे आले असं नाही हो. हंगामी माणसाने सिद्ध कसं करायचं की याच घोड्यापासून झाला? आणि हे जुनं प्रकरण समजू नका, आपल्याकडे 1899 चा ग्लँडर्सचा कायदा होता, तरी 2006 मध्ये महाराष्ट्रातच घोड्यांमध्ये हा परत सापडला. आता तपासणी रक्ताची होते, पण वीटभट्टीवरच्या खेचरवाल्याचं पोट त्या एका जनावरावर असतं. तो सॅम्पल द्यायला स्वतःहून येईल का, हे भरपाई किती आणि किती दिवसांत मिळते त्यावरच ठरतं.

ट्रामप्रेमी: या शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने. लंडनबद्दल नाही.