लोणावळा की महाबळेश्वर: राहायला कुठलं, फिरायला कुठलं?

घाटवाटा:
"फिरायला महाबळेश्वर, राहायला लोणावळा" असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते दोन्ही बाबतींत लोणावळाच उजवं आहे. कारणं देतो, खोडून काढा.

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण रेल्वे. पुण्याहून लोणावळा लोकलनं साधारण ६४ किमी, सव्वा ते दीड तास. मुंबईकडे जायला डेक्कन क्वीन, सिंहगड, इंद्रायणी अशा गाड्या थांबतात. घाटात १ः३७ चा चढ असल्यामुळे मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, त्यात थोडा वेळ जातो, पण गाडी चालवायची नसलेल्या माणसालाही या गावात राहता येतं. महाबळेश्वरला रेल्वे नाही. जवळची स्टेशनं वाठार आणि सातारा, तिथून पुढे एसटी किंवा टॅक्सी आणि घाट. सत्तरीच्या माणसाला दर महिन्याला पुण्यात डॉक्टरांना दाखवायचं असेल तर हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरं, फिरण्याचं. लोणावळा म्हणजे भुशी धरण आणि चिक्की, असं समजणारे शेजारच्या मळवली स्टेशनवर उतरतच नाहीत. तिथून भाजे लेणी चालत गाठता येतात, पुढे लोहगड. उलट्या बाजूला कार्ले. कार्ल्याचं चैत्यगृह ४५ मीटर लांब आणि सुमारे १४ मीटर उंच आहे. आत गेल्यावर मान वर करून छत बघा. दगडात कोरलेल्या त्या कमानीला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या बऱ्याच अंशी मूळच्याच, म्हणजे दोन हजार वर्षांच्या. दगडाला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. लाकडी इमारतीचं रूप दगडात उतरवताना कारागिरांनी फासळ्याही तशाच ठेवल्या. हे सगळं लोकलच्या तिकिटात आणि थोड्या पायपिटीत होतं.

कृष्णाकाठ:
रेल्वेचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. पुणे-लोणावळा लोकलमध्ये दुपारच्या वेळी मोठं अंतर असतं. सकाळची गेली की दुपार उलटेपर्यंत खोळंबा. आणि पावसाळ्यात बोरघाटात दरड आली की मुंबईच्या गाड्या आधी रद्द होतात.

रस्त्याचं बोला. खालापूर टोलनाक्यापाशी जुना महामार्ग एक्स्प्रेसवेला मिळतो आणि खंडाळ्याला पुन्हा वेगळा होतो. मधल्या घाटात दहा पदरांची वाहनं सहा पदरांत कोंबली जातात, त्यात ट्रक चढाला मंदावतात. खोपोली ते कुसगाव हा घाट टाळणारा नवा रस्ता, मिसिंग लिंक, आखावा लागला तो याच टप्प्यामुळे. शनिवारी सकाळी घाट तुंबतो, आणि गावात शिरल्यावर भुशीच्या रस्त्यावर पुन्हा तेच. तिथे राहणाऱ्याला जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी दूध आणायलाही गाडी बाहेर काढता येत नाही. वर्षातला सर्वांत सुंदर काळ आणि तेव्हाच घरात अडकून पडायचं, याला राहण्याची सोय म्हणत नाहीत.

महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे, लोणावळा जेमतेम ६२५. या साडेसातशे मीटरचा अर्थ एप्रिल-मेमध्ये कळतो. लोणावळ्याला दुपारी पंखा लागतो, बऱ्याच घरांत एसीही. महाबळेश्वरला रात्री पांघरूण लागतं. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठतं. हवेसाठी डोंगरावर जायचं असेल तर पुरेसं उंच तरी जा.

आणि फिरणं? आर्थर सीटवरून सावित्रीचं खोरं आणि खालचं कोकण एका नजरेत दिसतं. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगा मंदिराच्या पलीकडे कृष्णाबाईचं दगडी देऊळ आहे, तिथे गोमुखातून पाणी कुंडात पडत असतं. बहुतेक गाड्या पंचगंगेपाशी वळतात आणि हे देऊळ राहून जातं. प्रतापगड तासाभराच्या आत. लोहगडाचं कौतुक करताना हेही सांगा की २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा किल्ल्यांत दोघांचंही नाव आहे.

छप्परपन्हळ:
दोघेही हवा आणि रस्ते मोजताय. घर कसं टिकतं ते कुणीच बोलत नाही, म्हणून हा लांब प्रतिसाद.

पाऊस लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिमीच्या वर, महाबळेश्वरला ५,५०० मिमीच्या आसपास, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो आडवा येतो. लोक छप्पर तपासतात, पाणी मात्र पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीतून आत शिरतं. जांभ्याचा दगड पाणी पितो. त्यावर सिमेंटचं प्लॅस्टर केलं की केसाएवढ्या भेगा पडतात, भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेरच्या रंगामुळे परत सुकत नाही. सप्टेंबरात आतल्या रंगाला फोड येतात ते यामुळे. म्हणून खिडकीवर किमान दोन फुटी छज्जा हवा आणि त्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच, म्हणजे पाणी कडेवरून भिंतीकडे न वळता थेट खाली गळतं. महाबळेश्वरात पावसाळ्याआधी भिंतींना गवताचं किंवा प्लास्टिकचं आवरण बांधतात. ते दिसायला चांगलं नसेल, पण तोच खरा उपाय आहे.

छप्पर गळण्याचं कारण बहुतेक वेळा कौलं किंवा पत्रे नसतात, दोन उतार मिळतात तिथली पन्हळ असते. झाडांची पानं अडकतात, पाणी तुंबून मागे चढतं आणि पत्र्याच्या जोडातून उतरतं. मेच्या शेवटी एकदा आणि जुलैत दोनदा साफ करणारा माणूस ठरवलेला असावा. सपाट स्लॅब असेल तर निदान १ः१०० उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघा.

बुरशी हा वेगळाच त्रास. बंद घरात हवेची आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती गाद्यांवर, चामड्यावर, लाकडावर धरते. दोन्ही गावांत जुलैत हा आकडा ९० च्या पुढे असतो. त्यामुळे "खिडक्या उघड्या ठेवा, वारा खेळू द्या" हा सल्ला पावसाळ्यात उलटा पडतो, ओली हवा आणखी आत येते. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार इंच पुढे ठेवा, गाद्या उभ्या करून ठेवा आणि हवा कोरडी करणारं यंत्र लावा. त्यालाही वीज लागते. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास, त्यातले वापरता येतात सुमारे १,४००. यंत्र ३०० वॉटचं असेल तर साडेचार तासांत बॅटरी संपली. झाड पडून तार तुटली की वीज त्याहून जास्त वेळ जाते.

शेवटचं, शोषखड्डा. जुलैत भोवतालची जमीनच पाण्यानं भरलेली असते, त्यामुळे खड्ड्यातलं पाणी मुरत नाही आणि संडास तुंबतो. घर दाखवणारा एजंट तुम्हाला नोव्हेंबरात नेतो, तेव्हा यातलं काहीच दिसत नाही.

हे सगळं दोन्हीकडे लागू, पण महाबळेश्वरला दीडपट. आठ महिने राहणार असाल तर महाबळेश्वर, बारा महिने तर लोणावळा, असं माझं मत.

सातबारा:
घर विकत घ्यायचं असेल तर छपराआधी कागद बघा.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्राच्या जानेवारी २००१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, झाडतोड, खाणकाम, भूजल उपसा या सगळ्यांवर निर्बंध. शिवाय गावातले बरेच जुने बंगले सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. तिथे बंगला विकत मिळाला तरी जमीन मिळत नाही, पट्ट्याची मुदत आणि अटी मिळतात. पट्टा कुठल्या सालापर्यंत आहे, हस्तांतराला परवानगी घेतली आहे का, वापर निवासी की व्यापारी, हे जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. भाडेपट्ट्यावर लॉज चालवला जात असेल तर शर्तभंगाचं प्रकरण निघू शकतं आणि ते नव्या घेणाऱ्याच्या गळ्यात येतं.

लोणावळा सोपं आहे, पण तिथेही फसगत होते. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, मावळातल्या गावांत, परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) लागते. ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून बंगला विकत असतील तर थांबा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय घेता येत नाही. "फार्महाऊस प्लॉट" म्हणून गुंठ्यांत तुकडे विकले जातात, त्यांचा स्वतंत्र सातबारा होईलच असं नाही. उताऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना वाचा, तिथे खाजगी वन, कूळ किंवा धरणासाठी संपादन असा शेरा असेल तर पुढे जाऊ नका. भोवती टाटांच्या वीज प्रकल्पाचे तलाव आणि नौदलाची आयएनएस शिवाजी आहे, लगतच्या जमिनीला बंधनं येतात. आणि बांधून तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पैसे देऊ नका.

एवढ्या अटी बघता राहण्यासाठी माझं मत लोणावळ्याला, आणि तेही हद्दीच्या आतल्या फ्लॅटला. बंगल्याला नाही.

कृष्णाकाठ:
@सातबारा, हेच निर्बंध मला महाबळेश्वरच्या बाजूचे वाटतात. शेजारच्या टेकडीवर वीस वर्षांनीही झाडंच असतील, याची इतकी खात्री लोणावळ्यात कुणी देईल का? तुंगार्लीच्या बाजूनं बघा, उतारावर बंगल्यांच्या रांगा चढल्या आहेत. विकत घ्यायला अवघड आणि राहायला वाईट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाड्यानं राहा.

@छप्परपन्हळ, तुमचं गणित बरोबर आहे, पण चार महिने खाली वाईला आणि आठ महिने वर, अशी विभागणी सहज करता येते. पसरणी घाट उतरला की वाई, ३२ किमी. पाऊस कितीतरी कमी, बाजारपेठ आणि दवाखाने तिथे आहेतच.

घाटवाटा:
दोन घरं चालवायची म्हणजे दोन वीजबिलं, दोन कुलपं आणि मधे घाट. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस झाला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी तुटून बंद पडला. पसरणीतही दरडी येतात. रात्री छातीत कळ आली तर वाई किंवा सातारा गाठायला घाट उतरावाच लागतो. लोणावळ्याहून तळेगाव, पिंपरी सपाट रस्त्यानं. वय झालेल्यांनी ठरवताना मी हाच मुद्दा सगळ्यांत वर ठेवीन, झाडांच्याही वर.

लाल_मातीचा:
राहण्यावर तुम्ही चौघं भांडा, फिरायला येणाऱ्यांना नीट सांगा. महाबळेश्वरचा उत्तम काळ मे नाही. मेमध्ये गर्दी असते आणि पाणी कमी, कारण महाबळेश्वर-पाचगणी दोघांची तहान मुख्यतः वेण्णावर भागते आणि जांभ्याच्या पठारावर पाणी टिकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मधल्या वारी या. तेव्हा स्ट्रॉबेरी पूर्ण भरात असते. रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यांवर लागतात, वाफ्याला काळा मल्चिंग पेपर आणि खाली ठिबक. नोव्हेंबरअखेर फळ सुरू होतं आणि एप्रिलपर्यंत चालतं. विकत घेताना देठापर्यंत लाल झालेलंच घ्या. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही, फक्त रंग गडद होतो. खांद्याला पांढरी असेल ती लांबच्या बाजारासाठी लवकर तोडलेली असते.

लोणावळ्याला पावसात यायचं तर मंगळवार-बुधवार, पहिली लोकल, मळवलीला उतरून भाजे. भुशीच्या पायऱ्यांवर बसायला हरकत नाही, पण धरणामागच्या धबधब्याच्या वाटेला जाऊ नका. ३० जून २०२४ ला तिथे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात सर आली की खाली ऊन असतानाही पाणी मिनिटांत चढतं आणि मध्ये उभ्या माणसाला परतायला वाट उरत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, की फोटो सोडून ताबडतोब काठावर या.

छप्परपन्हळ:
@लाल_मातीचा, एक भर. कार्ल्याला चैत्रात आणि नवरात्रात जाऊ नका, लेण्याच्या दाराशीच एकवीरेचं देऊळ आहे, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. लेणं बघायचं तर इतर दिवशी सकाळी उघडताना.

आणि @कृष्णाकाठ, भाड्याचा मुद्दा पटला. फक्त करार जुलैपासून सुरू करा, ऑक्टोबरपासून नको. कुठल्या भिंतीला ओल येते, वीज किती वेळ जाते, टँकर येतो का, संडास तुंबतो का, हे पहिल्या सहा आठवड्यांतच कळेल आणि डिपॉझिट अडकायच्या आत घर बदलता येईल. नोटीस एक महिन्याचीच ठेवा, घरमालक तीन मागतील.