एन९०० वर व्हिडिओसाठी कुठला प्लेअर?

जुनाबाजार: कपाटातला नोकिया एन९०० फोन परवा काढला. नवी बॅटरी घातली, त्यातली मीमो ५ ही ऑपरेटिंग सिस्टिम मुकाट उठली. लेकीच्या बारशाचं शूटिंग आहे, ७२०पी म्हणजे एचडी. एमप्लेअर या प्लेअर अ‍ॅपवर लावलं की आवाज पुढे, चित्र मागे! पाळण्याजवळ आत्याबाई वाकायच्या आधीच 'कुर्रर्र' ऐकू येतं. दुसरा कुठला प्लेअर टाकू?

टक्स_सातारकर: अहो, ६०० मेगाहर्ट्झचा जीव तो! एमप्लेअर सगळा भार प्रोसेसरवर टाकतो. फोनसोबत आलेला प्लेअर डीएसपीची (आवाज-चित्राचं काम करणाऱ्या वेगळ्या चिपभागाची) मदत घेतो, तोच वापरा. आणि स्क्रीन ८०० बाय ४८० ची, ७२०पी हवंय कशाला? कॉम्प्युटरवर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमने ८०० रुंदीची एमपेग-४ फाइल करून घ्या.

निवांत: माझ्याकडे एन९०० फक्त गाण्यांसाठी उरलाय. ऑग फाइली (एमपी३सारखाच एक गाण्यांचा फॉरमॅट) असतील तर ऑग सपोर्टचं पॅकेज वेगळं टाका, नाहीतर सोबतच्या प्लेअरला त्या कळत नाहीत. एमप्लेअर काढू नका मात्र, अवेळी एखादा विचित्र फॉरमॅट समोर आला की तोच धावून येतो.

जुनाबाजार: फाइल बारीक केली, सोबतच्या प्लेअरवर लावली. आत्याबाई आता वेळेवर वाकतात. मागे कुकरची शिट्टी वाजलेली, तीही जागच्या जागी. एमप्लेअर राहू दिलाय.