मदत हवी आहे: आठ महिन्यांच्या लेकीचं वजन रेंगाळलंय, आणि मोठ्याला कमी खर्चात कुठे फिरवू? (डोंबिवली)

आंबटगोड_आई

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र असते. आज दोन प्रश्न एकाच धाग्यात कोंबतेय. वेगळे धागे काढायला हवे होते, पण घरात दोन्ही एकदमच चाललंय.

धाकटी परवा आठ महिन्यांची झाली. जन्माचं वजन २.९ किलो, सहा महिन्यांना ६.८ आणि आता ७.३. म्हणजे दोन महिन्यांत जेमतेम अर्धा किलो. सुरुवातीला इतकी भराभर वाढत होती की घेतलेली झबली अंगाला लागायच्या आत तोकडी व्हायची. आता गाडी अडल्यासारखी झालीय. आमच्याच विंगमधला एक मुलगा तिच्याच वयाचा आहे, साडेनऊ किलोचा. लिफ्टमध्ये तो भेटला की घरी पोचेपर्यंत त्याचाच विषय. "तुझं दूध पातळ झालंय," "पोर सुकलं," "दात येतायत म्हणून असेल," सगळं ऐकून झालं.

सासूबाईंबद्दल तक्रार नाही, हे आधीच लिहिते. बाळाचं मालिश, आंघोळ सगळं अजून त्याच करतात, आणि मायेने करतात. पण वजनासाठी घुटी पुन्हा सुरू करायची आणि ती मधात उगाळायची, असं त्यांनी मनात घेतलंय. एक ओळखीचे टॉनिक सुचवताहेत ते निराळंच. आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "ठीक आहे, नवव्या महिन्याच्या लशीला या" म्हणून वाटेला लावलं. ठीक म्हणजे कसं ठीक, ते काही कळलं नाही.

खाणं असं: सकाळी नाचणी सत्त्वाची पेज, दुपारी डाळीचं पाणी आणि भात मिक्सरमधून काढून, संध्याकाळी शिजवलेलं सफरचंद. अंगावरचं दूध सुरू आहे. निम्मं खाणं लाळेऱ्यावरच जातं. बाकी खेळते, आधाराशिवाय बसते, टाळ्या वाजवते, दिवसाला सात-आठ वेळा शू होते.

दुसरं म्हणजे मोठा. साडेचार वर्षांचा आहे. बाळ आल्यापासून त्याचे रविवार आमच्या गॅलरीत रेल्वेलाइन बघण्यात जातात. (ट्रेनचं वेड आहे, हे त्यातल्या त्यात स्वस्त वेड.) मॉलमध्ये नेलं की त्या प्ले एरियात तासाभरात पाचशेची नोट संपते आणि बाळ त्या आवाजाने किंचाळतं. डोंबिवलीहून बाळासकट जाता येईल, खिसा कापला जाणार नाही आणि दुपारी जेवायला घरी परत येता येईल, असं काही सुचवा.

सिस्टर_निवृत्त

आंबटगोड, आधी पाणी पी. मी पालिकेच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं बाळांची वजनं केली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

पहिल्या तीन महिन्यांत बाळं दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतात. सहा महिन्यांनंतर तोच वेग निम्म्याच्याही खाली येतो, आणि तो सगळ्याच बाळांचा येतो. पहिल्या चार महिन्यांच्या वेगाने वाढत राहिली तर पहिल्या वाढदिवसाला तुला ती उचलवणार नाही. त्यामुळे "आधी वाढत होती, आता थांबली" ही तुलनाच चुकीची.

आता तुझे आकडे बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ महिन्यांच्या मुलींची मधली रेघ ७.९ किलोवर आहे आणि काळजीची खालची रेघ ६.३ वर. तुझी ७.३. जन्माला २.९ होती तेव्हाही ती मधल्या रेघेच्या थोडी खाली होती, सहा महिन्यांनाही, आजही. आपल्या पट्ट्यातून सरळ चाललीय. आम्ही आकडा बघत नाही, रेघ बघतो. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढ, त्यात मागे आलेख छापलेला असतो. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. तुझे तीनही ठिपके लाव आणि घरातल्यांसमोर ठेव. लिफ्टमधला मुलगा मुलाच्या आलेखावर बसतो, तिच्या नाही.

वजन महिन्यातून एकदाच करायचं, त्याच काट्यावर, कपडे आणि डायपर काढून. भिजलेला डायपर सहज दीडदोनशे ग्रॅम भरतो आणि एका दवाखान्याचा काटा दुसऱ्याशी जुळत नाही. दर आठवड्याला वजन करणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांचं स्वतःचं वजन तेवढं उतरतं.

दूध पातळ झालंय म्हणणाऱ्यांना सांग की पातळ आहे ते डाळीचं पाणी. डाळ खाली राहते, पाणी बाळाला जातं, आणि एवढंसं पोट पाण्याने भरून जातं. खरी दुरुस्ती इथे आहे. चमचा तिरका केला तर घास लगेच ओघळता कामा नये, इतकं घट्ट हवं. डाळ-भात घोटून, त्यावर चमचाभर तूप. मिक्सर आता बंद कर, हाताने कुस्कर. आठव्या महिन्यात बारीक गुठळ्या चालतात, उलट त्यांची सवय आत्ताच लागायला हवी. दिवसातून दोन-तीन वेळा, अर्धी वाटी. मीठ-साखर वर्षापर्यंत नको.

आणि लोह. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्माचा साठा संपत आलेला असतो आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आयर्न-फॉलिकचं सिरप असतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. आशाताई किंवा आरोग्य केंद्रात विचार. तुझ्या डॉक्टरांनी दुसरं लोह आधीच सुरू केलं असेल तर दोन्ही एकदम देऊ नकोस. शी काळी होईल, त्याने दचकायचं नाही. व्हिटॅमिन डीचे थेंब चालू असतील तर वर्षापर्यंत चालू राहू देत.

डॉक्टरांकडे लशीची वाट न बघता कधी जायचं: लागोपाठ दोन महिने वजन जागचं हललं नाही, रेघ खालच्या पट्ट्यात घसरली, शू कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा खाणं-पिणं दोन्ही टाकलं तर. नुसतं "सुकलंय" म्हणून नाही.

कडूकारलं

सिस्टर, बाकी मान्य. पण घुटीला हल्ली सगळेच झोडतात. आमच्या घरी चार पिढ्या वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम सहाणेवर वेढे मोजून उगाळलं गेलं. कोणाला काही झालं नाही. हे सगळं डॉक्टर येण्याआधीचं शहाणपण आहे.

सिस्टर_निवृत्त

कारलेराव, मीही घुटीवरच वाढलेय, आईने उगाळलेल्या खारकेची चव अजून आठवते. घुटीवर राग नाही. पण वजनासाठी तिचा उपयोग काय? खारीक-बदामाचे चार वेढे म्हणजे सहाणेवर लागलेला लेप, त्यात ताकद ती किती? तेच बदाम भाजून बारीक पूड करून पेजेत घाला, पोटात तरी जाईल. सहाण कोपऱ्यात असते, उगाळायच्या वस्तू डब्यात कधीच्या असतात, बुरशी दिसत नाही, आणि जुलाब लागले की आठवड्याची कमाई दोन दिवसांत जाते. जायफळाने बाळ "शांत" झोपतं, ते गुंगीने झोपतं. झोपलेलं बाळ खात नाही.

मधाबद्दल मात्र मी चर्चा करत नाही. वर्षाच्या आत मध नाहीच, बोटभरही नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण होतं, मान धरवत नाही. उकळला तरी बीजाणू मरत नाहीत.

कडूकारलं

मधाचं हे कारण माहीत नव्हतं. घुटीवर मी अजून ठाम आहे, पण मध मागे घेतो.

वरणभात_लिंबू

सासूबाईंना "नाही" म्हणण्यापेक्षा काम द्या हो. माझ्या घरी हेच झालं होतं. मी म्हटलं, आई, घुटी राहू दे, तुम्ही मूगडाळ-तांदूळ धुऊन वाळवून भाजून खिमटाचं पीठ करून द्याल का, मला भाजण्याचा अंदाज येत नाही. (खरंच येत नाही.) त्यांनी त्यात चिमूटभर जिरं घातलं आणि शेजारणींना डबे वाटले. घुटी कोणाला आठवली नाही.

लेक थुंकते त्याचं टेन्शन नको. नवीन चव सात-आठ वेळा पुढे केल्यावर आवडू लागते. उकडलेलं रताळं-तूप आणि अंड्याचा पिवळा बलक आमच्याकडे हिट होते. अंडं खात असाल तर पूर्ण शिजवूनच. शेंगदाण्याचं कूट बारीक करून पेजेत, अख्खा दाणा मात्र मोठ्याच्या ताटातूनही तिच्या हाती लागू देऊ नका. मोठी भावंडं प्रेमाने भरवतात आणि तिथेच घात होतो.

टॉनिकचे पैसे तुपात घाला.

फास्ट_लोकल

आरोग्यातलं मला कळत नाही, मी दुसऱ्या प्रश्नासाठी आलो.

ट्रेनवेडा मुलगा आणि डोंबिवलीत राहता? मग कोपर. एकच स्टेशन. खाली मध्य रेल्वेच्या लोकल, आणि डोक्यावरून आडवी जाणारी दिवा-वसई लाइन, तिचे फलाट वर. वरच्या फलाटावर गर्दी नसते, बाकडं मिळतं, वारा असतो. तिथून मालगाड्या जातात, आणि मालगाडीचे डबे मोजणं हा साडेचार वर्षांच्या माणसासाठी अख्खा कार्यक्रम आहे. आमचा चाळीसनंतर गडबडतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो, तोवर गाडी संपलेली असते. पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेत तिकीट नाही, त्यामुळे तुमच्या दोघांच्या परतीच्या तिकिटात सहल. पिवळ्या रेषेच्या बरंच मागे बसायचं आणि बाळ कॅरियरमध्ये छातीशी, बाबागाडी नको. जिने आहेत.

दुसरं, अंबरनाथचं शिवमंदिर. १०६० सालचं शिलाहारांच्या काळातलं, काळ्या दगडातलं. मुलाला इतिहास नको असतो, त्याला भिंतीवरचे हत्ती शोधायला सांगा. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जायचं, ते त्याला भुयार वाटतं. सोमवार आणि श्रावण टाळा. सकाळी लवकर गेलात तर जेवायला घरी.

आणि एखादा मोठा दिवस काढणार असाल तर राणीची बाग. डोंबिवलीहून फास्ट पकडायची, भायखळ्याला पूर्वेला उतरून चालत. आम्ही गेलो तेव्हा आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये तिकीट होतं. पेंग्विनच्या काचेसमोर रांग असते पण आत एसी आहे, बाळं तिथे गपकन झोपतात. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे तो चुकवू नका. घारापुरीचा तो मूळ हत्ती. इंग्रज विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना फुटला, मग तुकडे इथे आणून १९१४ मध्ये जोडले. सांधे शोधायला लावा पोराला. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद.

आंबटगोड_आई

किती लिहिलंत सगळ्यांनी! कार्ड काढलं, ठिपके लावले. तीनही एकाच पट्ट्यात आले. नवऱ्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, त्यावर अजून तरी कोणी काही बोललेलं नाही, ही आमच्या ग्रुपवर दुर्मीळ गोष्ट आहे. सासूबाईंनी आलेख चष्मा लावून बघितला आणि "मग मूग भिजवू का?" म्हणाल्या. वरणभात, तुमची युक्ती मी न वापरताच लागू पडली.

मधाचं सिस्टरचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं. बाटली स्वतःच वरच्या फळीवर ठेवली.

एक शंका, फास्ट लोकल: येत्या रविवारी कोपरला जायचं ठरवतोय. बाळाला मधेच दूध पाजायचं झालं तर वरच्या फलाटावर आडोसा आहे का? आणि सिस्टर, बाहेर असताना तिचं दुपारचं खाणं चुकलं तर?

सिस्टर_निवृत्त

चुकलं तर चुकलं. अंगावरचं पाज, घरी आल्यावर भरव. डब्यात नेणार असलीस तर केळं ने, सालीत असतं, तिथेच कुस्कर. शिजवलेली पेज उन्हाळ्यात दोन तासांवर ठेवू नकोस. चमचा आणि हात धुवायला घरचं पाणी वेगळ्या बाटलीत.

दोन_पिलांची_आई

आडोसा असा नाही, पण ओढणी पुरते. मी शेवटच्या बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसते, नवरा मोठ्याला घेऊन समोर उभा राहतो. कोणी बघत नाही, सगळे मोबाइलमध्ये असतात.

फास्ट_लोकल

रविवार म्हणताय तर शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघून घ्या. मध्य रेल्वेचा ब्लॉक साधारण सकाळी अकरापासून दुपारपर्यंत असतो. स्लो लाइनवर असेल तर कोपरला गाड्या थांबतच नाहीत, आणि मग दोन मुलं घेऊन रिक्षा शोधत बसाल. नऊला निघा, ब्लॉकच्या आत परत.