प्रतिसाद: पट्टी बांधणारा कुठंय?
वर एकाने लिहिलंय की चित्रात बँडेज म्हणजे नुसतं दुखणं, आणि पुरावा म्हणून व्हॅन गॉगचं १८८९ चं कानाला पट्टीवालं चित्र दिलंय. पण त्यात बांधणारा कुठे दिसतो? तो दिसला की मामलाच बदलतो ना. बर्लिनच्या म्युझियममध्ये इ.स.पू. ५०० च्या आसपासचं एक ग्रीक मद्यपात्र आहे, त्यावर ग्रीक पुराणकथांमधला अकिलीस आपल्या जखमी मित्राच्या, पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय, पॅट्रोक्लसने वेदनेने तोंड फिरवलंय, दात दिसतायत, आणि एवढा खतरनाक योद्धा अकिलीस मात्र मान खाली घालून पट्टीत पार गुंतलाय, मला तर ती खाली घातलेली मानच सगळ्यात भारी वाटते. आणि ग्रीसपर्यंत कशाला जायचं, आमच्या ठाण्यात राखीच्या आधी जांभळी नाक्यावर उभे राहा, कोणीतरी आजी नातवाला सांगत असतेच की कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून चिंधी बांधली (लोककथाच आहे ही, पण जखमेपेक्षा चिंधीच लक्षात राहते की नाही?). सुश्रुतसंहितेत तर पट्टी बांधायचे १४ प्रकार दिलेत, कुठल्या अवयवाला कुठला बंध हेसुद्धा. इथे कोणी वैद्य असतील तर त्यावर सविस्तर लिहा ना प्लीज.