बनगावात जगले ते गोमात का दगावले? पटकीच्या (कॉलराच्या) दोन साथींबद्दल एक शंका

पारिजात४१ (प्रश्न)

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि पावसाळ्याच्या तोंडावर सीमेलगतच्या छावण्यांमध्ये पटकीची साथ भडकली. पश्चिम बंगालमधील सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रुग्णांना नुसते पाजण्याचा निर्णय घेतला. ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे ४ टक्क्यांच्या खाली आले, हे मी अनेकदा वाचले आहे.

मात्र जुलै १९९४ मध्ये रवांडातून पळून झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) गोमा शहराभोवती जमलेल्या निर्वासितांपैकी एका महिन्यात जवळपास ५० हजार माणसे मेली, आणि त्यांतील बहुतेक पटकीने आणि हगवणीने मेली, हे वाचल्यापासून मला एक कोडे पडले आहे. तोपर्यंत जलसंजीवनीची, म्हणजे अशाच मीठ-साखरेच्या मिश्रणाची (ओ.आर.एस.), पाकिटे खेडोपाडी पोहोचली होती, उपाय स्वस्त होता आणि जगभरच्या संस्था गोमात हजर होत्या. मग जे आपल्याकडे २३ वर्षांपूर्वी टळले, ते तिथे का टळू नये? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वैद्य_घाटमाथा

प्रश्न रास्त आहे, पण त्यातील तुलना थोडी फसवी आहे. बनगावचा आकडा उपचाराच्या जागेपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांचा आहे, तर गोमाचा आकडा रस्त्याकडेला आणि झोपड्यांमध्ये मेलेल्यांसह मोजलेल्या सगळ्या प्रेतांचा आहे. गोमातील बहुसंख्य मृत्यू दवाखान्याबाहेर झाले. ज्याच्या ओठांपर्यंत पेला पोहोचलाच नाही, त्याच्या बाबतीत जलसंजीवनी फसली असे म्हणता येणार नाही.

बनगावही काही सुखाची जागा नव्हती. दोन खोल्या, सोळा खाटा आणि जमिनीवर दाटीवाटीने पडलेले रुग्ण. सलाईन लावायचे तर उलट्या आणि जुलाबांच्या थारोळ्यात गुडघे टेकून बसावे लागे. पण या पथकामागे कलकत्त्यातील संशोधन केंद्राची अनेक वर्षांची तयारी होती. पटकीचे विष आतड्यातून पाणी बाहेर काढत असले, तरी ग्लुकोजसोबत मीठ आत ओढून घेण्याची आतड्याची क्षमता शाबूत राहते आणि मिठामागे पाणीही आत येते, हे त्यांना ठाऊक होते. ढाक्यात १९६८ मध्ये रुग्णांवर त्याची खात्रीही झालेली होती. दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा या प्रमाणात कलकत्त्यात पिशव्या भरल्या गेल्या, त्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली गेली आणि बनगावला तोटी असलेल्या पिंपांत ते मिश्रण पाण्यात कालवले गेले. रुग्णाची आई, भाऊ, जो कोणी सोबत असेल तो पेला भरून पाजत राही. माझ्या मते या कामातील सर्वांत मोठा शोध हाच होता, कारण त्यामुळे प्रत्येक नातेवाईक परिचारक झाला.

पाणवठा

मी पाणीपुरवठा विभागात नोकरी केली आहे, म्हणून पाण्याबद्दल लिहितो. जुलैच्या मध्यास चार दिवसांत पाच ते आठ लाख माणसे गोमाच्या परिसरात आली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची, पहारीने फुटत नाही अशी. त्यामुळे शौचासाठी चर खणता येईनात आणि प्रेते पुरायला खड्डेही खणता येईनात. जवळ किवू सरोवर होते. तेथेच लोक धूत, तेथूनच पीत. पहिल्या आठवड्यात शुद्ध केलेले पाणी माणशी दिवसाला जेमतेम २०० मिलिलिटर मिळत होते, म्हणजे चहाचे दोन कप. छावणीत माणशी किमान १५ लिटर पाणी द्यावे, असा आज सर्वमान्य निकष आहे. आता विचार करा, जलसंजीवनीचे पाकीट हातात असले, तरी ते कालवायला लिटरभर स्वच्छ पाणी त्या माणसाने आणायचे कोठून?

२०१९ च्या पुरात शिरोळ तालुक्यातील एका शाळेतल्या निवारा केंद्रावर माझी नेमणूक होती. आमचे अर्धे लक्ष टँकरमध्ये टी.सी.एल. पावडर (पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची पूड) पडली की नाही यावर, आणि उरलेले अर्धे ओ.टी. टेस्टच्या (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते दाखवणाऱ्या चाचणीच्या) नळीतील पाणी पिवळे होते की नाही यावर असे. नळीत पिवळा रंग दिसेपर्यंत मी टँकरची तोटी उघडू देत नसे, आणि रांगेतल्या लोकांच्या शिव्याही खात असे. पण मुळात टँकर होता, रस्ता होता आणि शाळेला सेप्टिक टँक होता. यांपैकी एकही गोष्ट नसताना आठ लाखांचे शहर चार दिवसांत उभे राहिले, तर काय होईल याची कल्पना त्या अनुभवावरून मी करू शकतो.

पारिजात४१

दोघांचेही आभार. पाण्याचा मुद्दा पटला. पण जे रुग्ण गोमातील उपचार केंद्रांपर्यंत पोहोचले, त्यांचे काय झाले? तेथे तरी बनगावसारखा गुण यायला हवा होता ना?

वैद्य_घाटमाथा

सुरुवातीला तो आला नाही, आणि याचे कारण आम्हा डॉक्टरांना थोडे लाजवणारे आहे. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रातील एक पथक त्या वेळी गोमाला गेले होते. त्यांना आढळले की रुग्णांना द्रव फार संथपणे दिले जात होते, तोंडाने पाजण्यावर पुरेसा भर नव्हता, शिरेतून दिले जाणारे काही द्रव पटकीसाठी योग्य नव्हते आणि उपचार करणाऱ्यांपैकी अनेकांना तीव्र पटकीचा अनुभवच नव्हता.

संथपणे म्हणजे काय, ते हिशेबाने सांगतो. पन्नास किलो वजनाचा माणूस डोळे खोल गेलेल्या, नाडी न लागणाऱ्या अवस्थेत आला, तर त्याला साधारण पाच लिटर द्रव तीन तासांत द्यावे लागते, आणि त्यातील दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. म्हणजे तीन तासांत अर्ध्या लिटरच्या एकूण दहा बाटल्या. एरवीच्या वॉर्डात एक बाटली चार तास चालवण्याची ज्याला सवय आहे, त्याचा हात इतक्या वेगाला धजत नाही. बंगालमधील माणसांचा हात बसलेला होता. पुढे गोमाच्या केंद्रांतही मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. पण साथीचा भर तोवर ओसरत आला होता आणि पाठोपाठ रक्ती हगवण आली होती, जिला नेहमीची प्रतिजैविके दाद देत नव्हती.

सह्यकडा

वरील उत्तरांत एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे छावणीवर सत्ता कोणाची होती. १९७१ मध्ये छावण्या भारत सरकारच्या ताब्यात होत्या. गोमात रवांडाचे पराभूत सैन्य आणि त्याच वर्षी तेथे झालेल्या तुत्सींच्या हत्याकांडात सामील असलेल्या टोळ्या निर्वासितांसोबतच आल्या होत्या, आणि शिधावाटपावर त्यांनी पकड बसवली. या कारणावरून काही मदतसंस्था त्याच वर्षाअखेर तेथून निघूनही गेल्या. त्यामुळे ‘संस्था हजर होत्या’ एवढ्यावरून शेवटच्या झोपडीपर्यंत मदत पोहोचत होती, असे धरता येत नाही.

उपाय असूनही तो पोहोचू न शकणे हे केवळ पटकीपुरते नाही. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओमुळे लुळेपणा आल्याचे निष्पन्न झाले. तेथे २५ वर्षांत पोलिओचा एकही रुग्ण सापडला नव्हता. ते बाळ युद्ध सुरू होण्याच्या सुमारास जन्मले होते आणि त्याला लस मिळालेली नव्हती. सप्टेंबरमध्ये ठरावीक भागांत ठरावीक तास गोळीबार थांबवून डोस पाजण्यात आले. ऑक्टोबरच्या फेरीत मात्र लस उपलब्ध असूनही उत्तर गाझातील काम बॉम्बहल्ल्यांमुळे पुढे ढकलावे लागले आणि ते नोव्हेंबरमध्ये, तेही आधी ठरवले होते त्याहून लहान क्षेत्रात, पार पडले.